कुरकुर

मंगळवार बाजारात गफूरभाईकडं तीन होती,
झाडाला टांगायची, एका माणसाची मचाणं.
एक लोखंडी, अकरा किलो, बसायला जिन्याची जाळी.
एक सागाच्या फळीचं, कुणा शिकाऱ्याच्या माळ्यावरून उतरलेलं,
ते वर चढवायला चार गडी लागायचे
आणि खाली यायला, गफूर म्हणाला, एक बाटली.
तिसरं ॲल्युमिनियमचं. साडेचार.
दोन बोटांवर उचलून दाखवलं त्यानं,
कोंबडीवाला कोंबडी दाखवतो तसं.

"काय मारणार?"
काही नाही. मोजणार.
वैशाखी पुनवेला, नान्नजच्या माळावर, पाणवठ्याशी.
वनखात्याचा कागद आलाय. एक रात्र, एक झाड.
"मोजून काय करणार?"
पुढच्या वर्षी परत मोजणार.
गफूरनं माझ्याकडं असं बघितलं
की किंमत दोनशेनं वाढली.

माझं वय एकसष्ट, गुडघे त्याहून थोरले.
एसटी फाट्यावर सोडते, पुढं अडीच किलोमीटर माती.
म्हणून हलकं पाहिजे.
शेजारच्या भंगाराच्या काट्यावर तिन्ही ठेवून बघितली,
मग गफूर म्हणाला, आता तुम्ही चढा की ओ.
ब्याऐंशी.
साडेचाराचं कौतुक तिथंच संपलं.

दुसरी अडचण मी कुणाला सांगितली नव्हती.
एकतीस वर्षं साखर पेठेत माग दुरुस्त केले,
एका पत्र्याखाली चोवीस माग,
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं.
कारखाना बंद पडला, पत्रा विकला गेला,
माझ्या कानात तो अजून वाजतो. बाकी काही येत नाही.
हरणाला मात्र काडी मोडलेली कळते.

म्हणून लावण्याला सोबत नेलं होतं, भावाची नात.
म्हटलं, मी बसतो, हलतो, तू ऐक.
कुरकुरलं की खांद्यावर बोट ठेव.
लोखंडीवर बसलो. बोट नाही.
फळीवर बसलो. बोट. परत बोट.
साडेचारावर नुसता श्वास घेतला
तर पोरीनं खांदाच धरला.

तेच घेतलं.
बोलणारी यंत्रं मला नवीन नाहीत.
चार रात्री अंगणात उलटं घालून बसलो,
सांध्यासांध्यात सायकलची ट्यूब,
मागाच्या जुन्या चामडी पट्ट्या, एरंडेलाचा थेंब,
आणि प्रत्येक नटाला तळहात लावून विचारलं,
तू का?
शेवटी लावण्यानं हात मागं बांधले.
परत काट्यावर नेलं: पाच किलो दोनशे.
गप्प बसवायला सातशे ग्रॅम लागले.

लिंबाच्या खोडाला आधी गोणपाट, मग पट्टा,
सालीला वळ नको.
वर चढलो. वनरक्षक काहीतरी म्हणाला नि गेला,
त्याच्या ओठांवरून वाटलं, झोपू नका.

चांदण्यात कुसळीचं गवत पांढरं पडतं,
पाणी काळं.
अडीच वाजून गेल्यावर तो आला,
शिंगं मळसूत्रासारखी, अंगावर रात्र, पोटाला दिवस.
त्याचा डावा कान वळला.
तेव्हा मला कळलं, डावीकडं कुणीतरी आहे.
दोन माद्या आल्या.
उजवा वळला: बोरीच्या मागं काहीतरी, कोल्हा असेल.
दोन्ही मागं: लांब बार्शी रोड, ट्रकचे दिवे.
किती वर्षांनी ऐकत होतो,
त्याच्या कानांनी.

मग दोन्ही कान माझ्याकडं.

मी हललो होतो? बोललं का ते?
खांद्यावर हात गेला माझाच, तिथं बोट नव्हतं.
तो उभा. मी ब्याऐंशी किलो.

मग मान खाली घातली, प्यायला.

कागदावर लिहिलं: नर एक, माद्या दोन, दोन पस्तीस.
पुढं शेऱ्याचा रकाना होता, दोन बोटं रुंद.
पेन टेकवलं, उचललं.
डावा पाय झोपला होता
आणि उतरायला सहा वाजायचे होते.